दुसऱ्या चर्चमधला रविवार ‘धरत नाहीत’?

भुसावळला बदलीवर आलेल्या कॅथलिक घरांत हमखास ऐकू येतं: ज्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चकडे सोपवलेल्या भागाच्या) हद्दीत घर, तिथेच रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलं तर रविवारचं कर्तव्य झालं असं धरतात.

तसं नाही. पॅरिश सहसा हद्दीवरून ठरते हे खरं, गोंधळ तिथूनच होतो. पण १९८३ च्या कॅनन कायद्याचं (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या नियमसंहितेचं) कलम १२४८ म्हणतं, कॅथलिक विधीनुसार कुठेही, त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी मिस्साला हजर राहिलात की कर्तव्य पूर्ण. तेव्हा जळगाव, धुळ्यालाही जाऊन बघा: भाषा कोणती, पोरं रमतात का, कोणी ‘या, बसा’ म्हणतं का. (माझ्या मते शेवटचंच महत्त्वाचं.)

बाप्तिस्मा, लग्नाला मात्र सहसा हद्दीची पॅरिश लागते. तिथल्या फादरना आधी भेटा. कलमही त्यांच्याकडेच मागून वाचा.