घरातील वायफाय राउटर : जागा, पासवर्ड आणि पावसाळ्यातील काळजी

आमच्या कोकणपट्टीतील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवीन जोडणी घेतल्यावर ‘मागच्या खोलीत नेट येत नाही’ अशी तक्रार बरेच ग्राहक करतात. तिचे कारण बहुधा राउटरच्या जागेत असते. आपल्याकडील जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंती चांगल्या जाड असतात, आणि ओटीवर दाराशी बसवलेल्या राउटरच्या लहरी अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत फारच क्षीण होतात. म्हणून थोडी जास्त केबल लागली तरी ती माजघरापर्यंत आत घ्यावी आणि राउटर उंचावर, मोकळ्या फळीवर ठेवावा. लोखंडी कपाट, फ्रीज किंवा मोठा आरसा यांच्या आड तो ठेवू नये. खारा वारा थेट येतो अशी खिडकीही टाळावी, कारण त्याने केबलच्या जोडांवर गंज चढतो.

बहुतेक नव्या राउटरमध्ये दोन बँड, म्हणजे लहरींचे दोन पट्टे, असतात. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंतींपलीकडे अधिक पोहोचतो पण संथ असतो, तर ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असला तरी जवळच्या अंतरातच उपयोगी पडतो. त्यामुळे खळ्यातील कॅमेरा पहिल्यावर आणि माजघरातील टीव्ही दुसऱ्यावर जोडणे योग्य. दाट वस्तीच्या आळीत २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनेल (बँडचा लहान भाग) आसपास कमी वापरात असेल तो निवडावा, कारण हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत. घर लांबलचक असेल, तर केबलने जोडलेला दुसरा राउटर हाच खात्रीचा उपाय आहे.

राउटरला दोन पासवर्ड असतात, एक वायफायचा आणि एक सेटिंग्जचा, आणि दुसरा बदलायचे बहुतेकांकडून राहून जाते. सेटिंग्ज उघडण्यासाठी ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवर दिलेला असतो. तेथे वायफायच्या सुरक्षेचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए३, आणि ते नसल्यास डब्ल्यूपीए२ निवडावे, तसेच डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद ठेवावे. गणपतीत घर पाहुण्यांनी भरते तेव्हा, किंवा आपण होमस्टे चालवत असाल तर कायमच, त्यांच्यासाठी वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करावे. मग घरातील कॅमेरे आणि संगणक त्यापासून अलग राहतात.

मे महिन्यातील वळीव आणि परतीचा पाऊस या काळात विजेपासून विशेष जपावे. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, परंतु घरातील वीजवाहिनीतून आणि तांब्याच्या नेटवर्क केबलमधून ती राउटरपर्यंत येऊ शकते. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. आभाळ भरून येताच अ‍ॅडॉप्टर आणि नेटवर्क केबल दोन्ही काढून ठेवावीत. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नये. वीज गेल्यावरही नेट हवे असल्यास छोटा यूपीएस मिळतो. त्याचे व्होल्टेज राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरील आकड्याशी जुळले पाहिजे, आणि फायबरचे उपकरण वेगळे असेल तर त्यालाही तशीच सोय लागते.

फायबरच्या उपकरणावर एलओएस नावाचा (सिग्नल येत नसल्याचे दाखवणारा) तांबडा दिवा लागला, तर बहुधा बाहेरची केबल तुटलेली किंवा वाकलेली असते. अशा वेळी रीसेटचे बटण दाबू नये, कारण त्याने जोडणी परत येत नाही, उलट सर्व सेटिंग्ज पुसल्या जातात. आम्हाला कळवावे, आणि तुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातील लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.