बंद लेथचे 6000 फेरे

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातून जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, लेथ बंद आहे, चक हातानं धरून उभा आहे, आणि फेरे मोजायचं मीटर सहा हजार दाखवतंय. खुळं झालंय काय हे?"

लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, कामाचा तुकडा पकडून फिरवतो तो चक. मी म्हटलं, "चकाच्या वर लावलेली ट्यूबलाइट बंद कर." त्यानं केली. आकडा शून्यावर आला.

मीटर शहाणंच होतं. फेरे मोजणाऱ्या या ऑप्टिकल टॅकोमीटरमधून प्रकाशाचा एक झोत निघतो. फिरत्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, रिफ्लेक्टर टेपचा बोटभर तुकडा चिकटवलेला असतो. तो समोर आला की झोत परत फिरतो आणि आतल्या फोटोट्रान्झिस्टरवर, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर, पडतो. विजेचा एक ठोका तयार होतो. एक ठोका म्हणजे एक फेरा, असं आपण ठरवलेलं असतं. सेन्सरला कळतो तो फक्त उजेड आणि अंधार. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. चोकवाली जुनी ट्यूब तिच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला 100 वेळा आणि मिनिटाला 6000 वेळा. तो उजेड चकाच्या चकचकीत पोलादावरून मीटरमध्ये शिरला, आणि मीटरनं तोच प्रामाणिकपणे मोजला.

याच ट्यूबचा दुसरा खेळ जिवावर बेतणारा आहे. तीन जॉचा, म्हणजे तीन जबड्यांचा, चक 2000 आर.पी.एम.नं, म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्यांनी, फिरत असेल, तर दोन लुकलुकींच्या मधे तो बरोबर एक तृतीयांश फिरतो. एका जॉच्या जागी दुसरा जॉ येतो आणि चक थांबल्यासारखा दिसतो. अशा भासात हात पुढे गेला की बोटं जातात, आणि मग मशीनला दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची बांधतात. खंडेनवमीला मशीनची पूजा मीही मनापासून करतो. पण लिंबानं ट्यूबचं लुकलुकणं थांबत नाही. लेथवर साधा तारेचा बल्ब लावा, शेजारशेजारच्या ट्यूबा विजेच्या वेगवेगळ्या फेजवर टाका, म्हणजे त्या एकाच क्षणी लुकलुकणार नाहीत. भास मोडेल.

आता मोजणीकडे. समजा शाफ्ट 1450 आर.पी.एम.नं फिरतोय. सेकंदाला 24 फेरे आणि वर थोडं. एक सेकंद ठोके मोजले तर कधी 24 मिळतील, कधी 25. साठानं गुणलं की 1440 किंवा 1500. मधलं काही दिसणारच नाही. म्हणून चांगलं मीटर ठोके मोजत बसत नाही, दोन ठोक्यांमधला वेळ मोजतं. 1450 ला तो सुमारे 41,379 मायक्रोसेकंद भरतो. त्यात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी वेगात फरक पडतो 0.035 आर.पी.एम.चा. टेप तोच, प्रकाश तोच. प्रश्न बदलला आणि उत्तर हजारपटींहून अधिक बारीक झालं.

पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या युक्तीत. एका सेन्सरला चाक सुलटं फिरतंय की उलटं हे कधीच कळत नाही. दोन सेन्सरना कळतं. जत्रेच्या मंडपाच्या दारात एक पोरगं उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर बसवा. माणूस आधी कुणाला दिसला यावरून तो आला की गेला हे समजतं. चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चकती लावायची आणि 'अ' व 'ब' हे सेन्सर असे बसवायचे, की काळा-पांढरा मिळून जेवढं अंतर होतं त्याच्या पाव अंतरानं 'ब' मागे राहील. चाक सुलटं फिरलं तर क्रम असा: दोघांना अंधार, फक्त 'अ'ला उजेड, दोघांना उजेड, फक्त 'ब'ला उजेड, पुन्हा अंधार. उलटं फिरलं की हाच क्रम उलटा. प्रत्येक पायरीला एक मिळवायचा किंवा एक वजा करायचा. पट्ट्याची कड नेमकी 'अ'समोर थरथरत असेल तर 'अ' उजेड-अंधार करत राहतो, पण 'ब' बदलत नाही. अधिक एक, वजा एक, बेरीज शून्य. आणि दोघांच्या अंधारातून एकदम दोघांचा उजेड आला, तर मधली पायरी हुकली हे ताबडतोब कळतं. जुन्या गोळीच्या माउसमध्ये हीच युक्ती होती.

दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या पोरांबरोबर सायकल उलटी ठेवून हा प्रयोग केला. पुठ्ठ्याची चकती, 16 काळे आणि 16 पांढरे पट्टे. म्हणजे 16 जोड्या, जोडीला चार पायऱ्या, फेऱ्याला 64 पायऱ्या. सेन्सर टीव्हीच्या रिमोटसारख्या अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशाचे. पट्टे पोरांनी मार्करनं रंगवले, आणि एकही ठोका येईना! बऱ्याच मार्करची शाई आपल्या डोळ्यांना काळी, पण इन्फ्रारेड तिच्यातून आरपार जातो आणि खालच्या पांढऱ्या कागदावरून परततो. सेन्सरपुढे चकती पांढरीशुभ्र होती. मग तीच चकती कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणली. झेरॉक्सच्या काळ्या पुडीत कार्बन असतो, तो इन्फ्रारेडही गिळतो. ठोके सुरू झाले.

खानापूरकडच्या पावसात, चिखलात हा सेन्सर टिकायचा नाही. भिंग माखलं की संपलं. म्हणून मोटारींच्या चाकांपाशी बहुधा चुंबकी सेन्सर असतात. फाउंड्रीच्या काळ्या धुळीतही भिंग रोज पुसावं लागतं.

चाक थांबत आलं तेव्हा पोरं सगळ्यात गप्प झाली. जड बाजू, म्हणजे व्हॉल्व्हची, खाली येऊ पाहत होती आणि चाक पुढे-मागे झुलत होतं. आम्ही दोन्ही आकडे शून्य केले. एकट्या सेन्सरचा आकडा प्रत्येक झोक्याला वाढतच गेला. जोडीचा 5 वर गेला, 2 वर आला, 4 वर गेला, आणि व्हॉल्व्ह खाली स्थिरावला तेव्हा 3 वर थांबला.