शंभराचो बल्ब दी रे

आमच्या मालवणात आजी अजून दुकानात जाऊन 'शंभराचो बल्ब दी रे' (म्हणजे १०० वॅटचा) असंच सांगते, दुकानदारही गुपचूप ९ वॅटचा एलईडी हातात देतो आणि मग घरी येऊन 'पडवीत काळोख पडता' म्हणून कटकट सुरू.

आता वॅट म्हणजे वीज किती खाल्ली ते, उजेड मोजायचा तर लुमेन. पण तारेचे बल्ब होते तोवर वॅट जास्त तर उजेड जास्त हे सरळच होतं त्यामुळे लुमेन बघायची गरजच कुणाला पडली नाही. साठचा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा, म्हणजे वॅटमागे १२ च्या आसपास, बाकी सगळी नुसती उष्णता. आणि आकड्यांची फसवाफसवी काय आजची नाही हां, तो झिरोचा बल्ब आठवतो का, नाव झिरो आणि खायचा १५ वॅट!

लाल एलईडी १९६२ पासून आहे, अमेरिकेच्या निक होलोन्याकने केलेला, पण तो स्टॅबिलायझरवर लुकलुकण्यापुरता. पांढऱ्या उजेडाला निळा एलईडी लागतो आणि तिथेच ३० वर्षं गाडी अडली. १९९३ ला जपानात नाकामुराने झगझगीत निळा जमवला, त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणारा लेप, चढवला की झाला पांढरा. निळ्यावरच राबलेले आकासाकी, आमानो आणि हा नाकामुरा, तिघांना २०१४ चं नोबेल त्यासाठीच.

आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये स्वस्तात एलईडी देणारी सरकारची उजाला योजना आली, ३१० रुपयांचा बल्ब सरकारला दोनेक वर्षांत ३८ ला मिळायला लागला, मग घराघरात एलईडी. पण लोकांची सवय जुनीच म्हणून कंपन्यांनी खोक्यावर 'इतक्या वॅटच्या बल्बएवढा' असं छापायचं चालू ठेवलं, आणि खरा घोळ हाच. २०१८ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं, ते स्टार वॅटमागे किती लुमेन यावर ठरतात, एवढं बरं झालं.

खोक्यावर बल्बचं आयुष्य म्हणून छापलेल्या २५,००० तासांचं पण तसंच, तो आकडा बहुतेक आतल्या उजेड देणाऱ्या चिपचा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, आतलं सर्किट त्याच्या आधीच राम म्हणतं, त्यात बंद ग्लोबमध्ये लावला तर तापून अजून लवकर. एक मात्र मान्य, पावसात व्होल्टेज पडलं की जुना बल्ब लालबुंद व्हायचा, बरा एलईडी तसाच जळत राहतो.

बाकी आजीचं चुकत नाहीये. शंभराच्या बल्बचा उजेड १३०० लुमेनच्या वर, तो ९ वॅटमध्ये कुठून येणार, १३-१४ वॅटचा तरी हवा.