अपग्रेड सोपं, डाउनग्रेड अवघड असं का?

१९९३ साली आलेल्या स्लॅकवेअर या लिनक्स वितरणात पॅकेज म्हणजे एक टार फाइल, प्रोग्रामच्या सगळ्या फाइलींचं एकत्र गाठोडं. ती उलगडली की प्रोग्राम बसला. त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड, मशीनवर आहे का, हे वापरणाऱ्याने बघायचं. पुढे दुसऱ्या वितरणांची पॅकेज बसवणारी साधनं आली: डेबियनचं डीपीकेजी आणि १९९५ मध्ये रेड हॅटचं आरपीएम. आपल्याला काय लागतं आणि कशाशी जमत नाही, हे आता पॅकेजच सांगू लागलं. शोधाशोध मात्र माणसाच्याच माथी राहिली. एक आरपीएम पॅकेज दुसरं मागायचं, दुसरं तिसरं. 'डिपेंडन्सी हेल' म्हणतात तो हाच छळ.

१९९९ च्या डेबियन २.१ सोबत आलेल्या ॲप्ट या साधनाने तो बराच संपवला. रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यातून, लागेल ते सगळं तेच ओळखायचं, उतरवायचं आणि योग्य क्रमाने डीपीकेजीकडे द्यायचं. आरपीएमच्या बाजूला हे काम यमने केलं. पण पॅकेजांचा कोणता संच एकत्र नांदेल, हे ठरवणं गणिती दृष्ट्या फार कठीण, एनपी-कम्प्लीट वर्गातलं कोडं आहे. म्हणून ओपनसुसे या वितरणाच्या ११.० आवृत्तीने २००८ मध्ये सॅट सॉल्व्हर, म्हणजे अशी हो-नाहीची कोडी सोडवणारा प्रोग्राम, आणला. २०१५ मध्ये फेडोरा या वितरणाच्या २२ व्या आवृत्तीने यमच्या जागी डीएनएफ घेतलं, तेही याच वाटेने.

या सगळ्यात डाउनग्रेड, म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परतणं, मागेच राहिलं. अपग्रेड होताना पॅकेजमधल्या स्क्रिप्ट कॉन्फिगरेशन बदलतात, कधी डेटाबेस नव्या स्वरूपात नेतात. उलट दिशेची स्क्रिप्ट सहसा कोणी लिहीतच नाही. म्हणूनच डेबियन डाउनग्रेडची हमी देत नाही. ॲप्टमध्ये पिनची, म्हणजे कोणत्या आवृत्तीला पसंती द्यायची ते सांगणाऱ्या नियमाची, प्राथमिकता १००० किंवा जास्त ठेवली तर ते होतं, पण जबाबदारी आपली. खुद्द पॅकेज बनवणाऱ्याला जुनी आवृत्ती परत द्यायची असेल, तर तो आवृत्तीच्या आधी 'इपॉक'चा आकडा वाढवतो. मग जुनाच प्रोग्राम यंत्रणेला नवा वाटतो, आणि तो आकडा त्या पॅकेजला कायमचा चिकटतो.

युट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्राने घडवलेल्या निक्स या पॅकेज व्यवस्थापकाने मुळातच वेगळा विचार केला, आणि माझ्या मते तोच बरोबर आहे. प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र डिरेक्टरीत. नवी आली तरी जुनी तशीच. परतायचं म्हणजे चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारा दुवा फक्त बदलायचा. मात्र नव्या प्रोग्रामने बदललेला डेटाबेस निक्सही पूर्ववत करत नाही. त्यासाठी अपग्रेडआधीचा बॅकअपच लागतो.