महालांसमोरची टेकडी : फ्युसनच्या काल्वारियनबेर्ग वाटेबद्दल आमच्या पाहुण्यांसाठी माहिती

म्युनिकच्या मुक्कामातला एक दिवस ज्यांनी नॉयश्वानश्टाइन महालासाठी राखून ठेवलाय, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. डोंगराच्या सोंडेवर पांढरे मनोरे आणि मागे आल्प्सची भिंत हा फोटो बघूनच बहुतेकांनी इथे यायचं ठरवलेलं असतं. पण महालाच्या आत गेलं की तो महाल दिसत नाही, दिसतात ती दालनं. ती ठरलेल्या वेळेला, गटाबरोबर, साधारण अर्ध्या तासात बघायची आणि आत फोटो काढायला मनाई. वर्षाला चौदा लाखांच्या आसपास लोक इथे येतात, त्यातले बरेचसे उन्हाळ्यात. फोटोतलं दृश्य मिळतं मारियनब्र्युक नावाच्या लोखंडी पुलावरून, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या पुलावर पाय ठेवायलाही रांग लावावी लागते.

म्हणून आम्ही पाहुण्यांना समोरच्या बाजूला नेतो. फ्युसन गावाला लागूनच काल्वारियनबेर्ग नावाची 953 मीटर उंचीची टेकडी आहे. वाट खडी आहे, पण लांब नाही. माथ्यावर तीन क्रूस आहेत आणि तिथून नॉयश्वानश्टाइन आणि त्याच्या समोरचा जुना होहेनश्वानगाउ असे दोन्ही महाल एकाच नजरेत दिसतात. जर्मन कुटुंबं, शाळेची मुलं, काठी टेकत येणारे गावातले आजी-आजोबा अशी माणसं इथे भेटतात. मोठ्या बसमधून आलेले पर्यटक सहसा इकडे फिरकत नाहीत.

वरून काय दिसतं

माथ्यावर उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं की खाली झाडीत श्वानझे हे छोटं तळं दिसतं. त्याच्या पलीकडच्या उंचवट्यावर पिवळ्या भिंतींचा होहेनश्वानगाउ, आणि त्याच्याही मागे, अजून वर, टेगेलबेर्ग डोंगराच्या गडद सूचिपर्णी उतारासमोर पांढरा नॉयश्वानश्टाइन. उजव्या हाताला झॉयलिंग शिखर (2,047 मीटर), ज्याच्या अंगावरून ऑस्ट्रियाची सीमा जाते. मागे वळलात तर फ्युसनची लाल कौलं आणि लेश नदीचं हिरवट दुधाळ पाणी.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नॉयश्वानश्टाइन इथून तीनएक किलोमीटर लांब आहे. मोबाइलच्या साध्या फोटोत तो बोटाच्या पेरापेक्षाही लहान येईल. झूमवाला कॅमेरा असेल तर आणाच. वाटाड्याजवळ दुर्बीण असते, ती सगळ्यांनी आळीपाळीने वापरायची. केवळ जवळचा फोटो हवा असेल तर तुम्हाला पूलच बरा, तसं आधी सांगा, आम्ही सकाळी लवकर तिकडे नेऊ.

पण या दोन इमारती एकमेकींसमोर का उभ्या आहेत हे समजून घ्यायला काल्वारियनबेर्गसारखी जागा नाही. पिवळा महाल बापाचा आणि पांढरा लेकाचा. युवराज माक्सिमिलियनने इथला पडका गढीवजा वाडा विकत घेऊन 1833 ते 1837 मध्ये होहेनश्वानगाउ उभा केला. त्याचा मुलगा लुडविग लहानपणी तिथेच वाढला, याच डोंगरांत हिंडला. 1864 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो बव्हेरियाचा राजा झाला. दोनच वर्षांत प्रशियाकडून हार झाली, 1871 मध्ये बव्हेरिया जर्मन साम्राज्यात सामील झाला आणि राजाच्या हाती खरी सत्ता फारशी उरली नाही. त्याच सुमारास, 5 सप्टेंबर 1869 रोजी, समोरच्या कड्यावर नॉयश्वानश्टाइनची पायाभरणी झाली होती. पहिली चित्रं काढली क्रिस्टियान यांक या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या चित्रकाराने, आणि समोरून बघताना ते जाणवतं. काम चालू असताना राजा वडिलांच्या महालातून दुर्बिणीने ते न्याहाळत असे.

रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच खटकते, ती म्हणजे या ‘किल्ल्या’ला लढाईची जागाच नाही. बुरूज आहेत ते शोभेचे, भिंती विटांच्या आणि वरून पांढऱ्या चुनखडी दगडाचं आच्छादन. आत मात्र गरम हवेची उष्णतायंत्रणा, प्रत्येक मजल्यावर नळाचं पाणी, विजेची घंटा, अगदी टेलिफोनसुद्धा! सिंहासनाचा भव्य दरबार बांधला, पण त्यात सिंहासन कधी बसलंच नाही. कर्ज वाढत गेलं, जून 1886 मध्ये राजाला वेडा ठरवून याच महालातून नेण्यात आलं आणि 13 जूनला तो श्टार्नबेर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला. महाल अपुराच राहिला. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच उन्हाळ्यात, तो लोकांसाठी खुला झाला. एकांतासाठी बांधलेली जागा तेव्हापासून गर्दीचीच आहे.

आपल्याकडच्या दुर्गप्रेमींना आवडेल असा एक योग इथे सांगतो. जुलै 2025 मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या ज्या बैठकीत रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर यांच्यासह मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, त्याच बैठकीत लुडविगचे महालही त्या यादीत गेले.

चढ किती

फ्युसनच्या बाजूने माथ्यापर्यंत उंचीचा फरक दीडशे मीटरच्या आसपास. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला तो त्याच्या पाव हिश्श्याइतका वाटेल. अर्धा-पाऊण तास पुरतो, लहान मुलं आणि गुडघ्याची तक्रार असलेले बरोबर असतील तर एक तास धरा. वाट वळणावळणाची, काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी झाडांची उघडी मुळं. पाऊस पडून गेल्यावर ती मुळं साबणासारखी होतात. घसरतात ती बहुतेक माणसं उतरताना आणि याच ठिकाणी.

ही मुळात भक्तांची वाट आहे. येशूच्या अखेरच्या प्रवासाचे टप्पे दाखवणारी छोटी देवळं वळणावळणावर लागतात, ती 19व्या शतकातली. काही जण तिथे थांबून प्रार्थना करतात. अशा वेळी आपण बाजूने, आवाज न करता पुढे जायचं. स्पीकरवर गाणी लावायची नाहीत. जेजुरीच्या किंवा वणीच्या पायऱ्यांवर आपण जसं वागतो तसंच इथे वागावं, एवढी विनंती.

आमचा दिवस कसा असतो

म्युनिकहून फ्युसनची गाडी साधारण दोन तास घेते. सोमवार ते शुक्रवार बव्हेरियाचं एकदिवसीय प्रादेशिक तिकीट सकाळी नऊपासून चालतं, शनिवार-रविवारी त्याआधीही. फ्युसन स्टेशनबाहेरून बस दहाएक मिनिटांत होहेनश्वानगाउ गावात सोडते.

महाल आतून बघायचा असेल तर तो दिवसाच्या पहिल्या भागात. तिकिटावर छापलेली वेळ चुकली की तिकीट वाया, आणि गावातून महालापर्यंत अर्धा-पाऊण तासाचा चढ आहे हे बरेच जण विसरतात. तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात. ती आम्ही काढतो, फक्त पासपोर्टवरची नावं आम्हाला वेळेत कळवा.

दुपारी आम्ही उलट्या बाजूने निघतो : होहेनश्वानगाउहून श्वानझेच्या काठाने, मग जंगलातून काल्वारियनबेर्गच्या माथ्यावर आणि पलीकडे फ्युसनला उतरायचं. हा क्रम मुद्दाम ठेवलाय. टेकडी महालांच्या पश्चिमेला आहे. सकाळी ऊन महालांच्या मागून येतं आणि दोन्ही इमारती सावलीत काळपट दिसतात. दुपार कलली की ऊन समोरून पडतं, आणि पांढरी भिंत उजळते. शिवाय उतरलं की गाव, जेवण आणि परतीचं स्टेशन तिथेच. हे सगळं अंतर पाच-सहा किलोमीटर, थांबत-थांबत तीन तास.

उतरल्यावर पाय चालत असतील तर लेशचा धबधबा चुकवू नका. तो माणसाने बांधलेला पायऱ्या-पायऱ्यांचा बंधारा आहे, 18व्या शतकातला. पाणी तिथून अरुंद घळीत शिरतं. कड्यावर माक्सिमिलियन राजाचा अर्धपुतळा बसवलाय.

हवामान आणि कपडे

मे ते ऑक्टोबर हा आमचा हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस अचानक येतो. अशा दिवसाचा अंदाज असेल तर आम्ही उजेडाचा हट्ट सोडून सकाळीच टेकडी चढतो. वीज चमकत असताना माथ्यावर थांबायचं नाही, यात वाटाड्याचा शब्द शेवटचा. सप्टेंबरचा उत्तरार्ध आम्हाला सगळ्यात आवडतो : हवा स्वच्छ, बीच नावाच्या झाडांची पानं पिवळी, आणि फॉर्गनझे अजून भरलेला. हे धरणाचं तळं आहे, 1954 चं. हिवाळ्यात ते रिकामं करतात आणि वसंत ऋतूत येणाऱ्यांना तळ्याऐवजी मोठं करडं मैदान दिसतं. नोव्हेंबरपासून वाटेवर बर्फ साचून घसरण होते, तेव्हा आम्ही गट नेत नाही.

खोबणीदार तळव्याचे बूट हवेतच. सँडल किंवा गुळगुळीत स्नीकर घातलेल्या पाहुण्यांना आम्ही पायथ्यालाच थांबवतो, कृपया राग मानू नका. पँट पूर्ण लांबीची घाला. कारण थंडी नव्हे, गोचीड. बव्हेरियाच्या गवतात त्या असतात आणि त्यांच्यातून मेंदूज्वरासारखे आजार होऊ शकतात. संध्याकाळी हॉटेलवर गेल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागे, काखेत नीट तपासा. मुलांच्या केसांतही बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-तूप लावायचं नाही. हलका रेनकोट आणि पाण्याची बाटली घ्या. इथलं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, विकत घ्यायची गरज नाही.

खाण्याचं

रविवारी जर्मनीत बहुतेक किराणा दुकानं बंद असतात. रविवारची सहल असेल तर सुका खाऊ शनिवारीच घ्या. ठेपले, गूळपोळी, दशम्या बरोबर असतील तर माथ्यावर बसून खायला मस्त, फक्त कागद-पिशव्या परत आणायच्या. फ्युसनमध्ये शाकाहारी पाहुण्यांनी केझेश्पेट्झले मागवावं. या भागातलं चीज घातलेलं शेवईसारखं घरगुती जेवण आहे, वर तळलेला कांदा. त्यात अंडं असतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी आम्हाला आधी सांगावं. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात ठेवा.

ज्यांना आणखी मोठा चढ हवा

टेगेलबेर्गचा डोंगर नॉयश्वानश्टाइनच्या थेट वर आहे. होहेनश्वानगाउहून मारियनब्र्युक ओलांडून वर जाणारी खुणा केलेली वाट जवळजवळ नऊशे मीटर चढते, म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढण्याइतका दम लागतो. पुलाजवळ गर्दी असते, त्यानंतर ती झपाट्याने विरते. काही ठिकाणी बाजूला खोल कडा आहे. वर रोपवेचं स्टेशन आहे, त्यामुळे उतरताना गुडघे वाचवता येतात. मात्र जोराच्या वाऱ्यात रोपवे बंद ठेवतात, तेव्हा पायी उतरण्याइतकी ताकद शिल्लक ठेवावी लागते. हा दिवस फक्त नेहमी ट्रेक करणाऱ्यांसाठी आहे. महालाच्या आतलं तिकीट त्याच दिवशी जोडायचं नाही.

पुलाच्या पुढे अनेकांनी तुडवून केलेल्या चोरवाटा कड्याच्या टोकापर्यंत जातात. फोटो तिथून सुरेख येतो, पण खाली पोल्लाट नदीची घळ आहे. पूलच तिच्यावर 90 मीटर उंच आहे, त्यावरून कल्पना येईल. त्या वाटांवर आम्ही कुणालाही नेत नाही आणि ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून जाऊही देत नाही. ड्रोनचंही तसंच : महालांच्या परिसरात तो उडवायला बंदी आहे, पेटीतच राहू द्या.

बुकिंग करताना हे कळवा

गुडघा, कंबर, रक्तदाब, दमा यांपैकी काही असेल तर संकोच न करता सांगा. वाट कुठे आणि किती वेळ थांबत चढायची हे त्यावर ठरतं. उंचीची भीती वाटत असेल तर तेही लिहा. काल्वारियनबेर्गवर त्रास होत नाही, टेगेलबेर्गवर होऊ शकतो. मुलांची वयं कळवा. आठ वर्षांखालची मुलं असतील तर आम्ही श्वानझेच्या काठावर एक मोठा थांबा वाढवतो. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, बसच्या डिकीत टाकलेल्या बॅगेत नको. पासपोर्ट, प्रवासविमा आणि आणीबाणीचा 112 हा क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या. ज्यांना चढायचंच नाही त्यांच्यासाठी आमचा एक माणूस फ्युसनच्या जुन्या गावात थांबतो. दोन्ही गट संध्याकाळी स्टेशनवर एकत्र येतात आणि परतीच्या गाडीच्या वीस मिनिटं आधी हजेरी घेतली जाते.