सामायिक संस्कृती आणि राजकीय ध्रुवीकरण : नाशिक

राजकीय ध्रुवीकरण म्हणजे नुसते मतभेद वाढणे नव्हे. समाजाचे तट पडतात आणि समोरच्या तटातला माणूस अविश्वासू, धोकादायक वाटू लागतो, तेव्हा ध्रुवीकरण झाले असे म्हणतात. धोरणांविषयीची मते फारशी न बदलताही ही नावड वाढू शकते, म्हणून राज्यशास्त्रात तिला ‘भावनिक ध्रुवीकरण’ असे वेगळे नाव आहे. ते कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे तटांच्या पलीकडे जाणारी सांस्कृतिक जागा आणि सर्वांना मान्य असलेली मूल्ये. मात्र केवळ एकत्र आणल्याने माणसे जवळ येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्यासाठी चार अटी सांगितल्या : बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, प्रत्यक्ष सहकार्य आणि अधिकारी संस्थांचा पाठिंबा. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरांचा तौलनिक अभ्यास केला. हिंदू-मुस्लिम सभासद एकत्र असलेल्या व्यापारी संघटना, कामगार संघ, मंडळे जिथे भक्कम होती, तिथे दंगलींना आळा बसल्याचे त्यांना आढळले. शहरात निव्वळ शेजारधर्म तेवढा पुरत नाही.

हा विषय समजून घ्यायला नाशिकइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सावरकरांची अभिनव भारत ही क्रांतिकारक संघटना, डॉ. आंबेडकरांचा मंदिरप्रवेशाचा लढा, शेतकऱ्यांची आंदोलने आणि लाल बावट्याचे मोर्चे हे सारे या एकाच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

त्यातला सर्वांत मोठा धडा काळाराम मंदिराचा. अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे स्थानिक आघाडीचे नेते. रामनवमीचा रथ स्पृश्य-अस्पृश्य दोघांनी मिळून ओढावा, अशी तडजोड ठरली. ९ एप्रिलला ऐनवेळी ती मोडली आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. राम दोघांचा, रथ दोघांचा, गावही दोघांचे. तरी बरोबरीचा दर्जा एका बाजूला मान्य नव्हता. सामायिक संस्कृतीचे गोडवे गाताना ही घटना वगळता येत नाही. ज्या जागेत काहींना मज्जाव आहे ती सामायिक नसतेच, आणि तिथे गप्प बसायला सांगणे म्हणजे सलोखा नव्हे. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. तरुण वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९), म्हणजेच कुसुमाग्रज, मंदिरप्रवेशाच्या बाजूने या लढ्यात उतरले होते, याचे मोल मोठे आहे.

त्याच शिरवाडकरांच्या नावाने पुढे शहरात वाङ्मयीन व्यवहार वाढला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार पहिल्यांदा १९९१ मध्ये विजय तेंडुलकरांना मिळाला, तर २००७ मध्ये दलित साहित्याचे बिनीचे कथाकार बाबुराव बागुल यांना. सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांचे ‘सावाना’, १८४० पासूनचे. उन्हाळ्यात गोदाघाटावर भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेत न पटणारे भाषणही शेवटपर्यंत ऐकायची सवय लागते. ध्रुवीकरणावर एवढा साधा उपाय दुसरा नसावा.

जुन्या नाशकातील रहाडी हा निराळा, अंगाशी भिडणारा प्रकार. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर लाकडे आणि माती टाकून बुजवलेले असतात. रंगपंचमीला ते उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यात उडी घेणे म्हणजे ‘धप्पा मारणे’. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचा रंग सारखाच असतो, कोण कोणत्या पक्षाचा हे विचारायला कोणी थांबत नाही. एका दिवसाने तट मोडत नाहीत हे खरे, पण रहाड खणायची, उकळून रंग करायचा, पूजा करायची, ही कामे गल्लीतल्या लोकांना दरवर्षी एकत्र बसून वाटून घ्यावी लागतात. टिकाऊ असते ते हे सहकार्य.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच दिवसांत शहरात त्याला पर्याय म्हणून विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन मांडव पडले याची काहींना खंत वाटली. वास्तविक मतभेद पुस्तके, कविता आणि ठरावांतून मांडले जात असतील तर ते निरोगी लक्षण मानावे.

मूल्य सामायिक असल्याची खूण अनेकदा कृतीतून दिसते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोहोचला. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून मोर्चेकरी शेवटचा टप्पा रात्रीच चालले. लाल झेंड्याशी काडीचा संबंध नसलेल्या मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाणे आणि चपला दिल्या. त्या मोर्चातले अनेकजण सुरगाणा, पेठ, कळवण भागातील आदिवासी शेतकरी होते. नाशिक शहरातील व्याख्यानमाला, वाचनालये आणि नाट्यगृहे या तालुक्यांपासून अजून लांबच आहेत.