तापमापक ठेवलाय कुठे?

रत्नागिरी-देवगड पट्ट्यात आंब्याच्या विम्याचा विषय निघाला की बोलणं पैशांआधी यंत्रावर येतं. "आमच्या मंडळाचं केंद्र बसवलंय कुठे?" हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई झाडाकडे बघून ठरत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने किती तापमान आणि किती पाऊस नोंदवला, त्यावर ती ठरते. केंद्र खाडीकाठच्या वाऱ्यावर आणि कलमं वर कातळावर असतील, तर दोन्हीकडचं ऊन सारखं कसं धरायचं? असं विचारणाऱ्याला आडमुठा म्हणणं मला कधीच पटलं नाही. जगाचं तापमान वाढतंय का, या वादात अगदी हाच प्रश्न मोठमोठ्या अभ्यासकांनी विचारला होता.

कोकणाला मोजणी नवी नाही. कुलाब्याची वेधशाळा (मुंबईतला कुलाबा, अलिबागचा किल्ला नव्हे) ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये सुरू केली. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आणि अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे, दोघांनीही पुढे तिथे काम केलं. हवेच्या नोंदींबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी तिथे चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड झालं. तेव्हा नानाभाई मूस संचालक होते. त्यांनी चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. पण कुलाब्याचं काम त्यांनी लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी सुरू ठेवली. त्यामुळे दोन जागांमधला फरक किती, हे आकड्यांत कळलं आणि जुनी नोंदमाला नव्या मालेला नीट जोडता आली. या दोन वर्षांबद्दल मला फार आदर वाटतो.

तापमानाच्या बाबतीत जगभर सगळीकडे अशी काळजी घेतली गेली नाही. केंद्रं हलली, मोजायच्या वेळा बदलल्या, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतला तापमापक जाऊन इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, मोकळ्या माळावरच्या केंद्राभोवती शहर वाढलं. म्हणून नासा, अमेरिकेची हवामान-महासागर संस्था नोआ आणि ब्रिटनमधले गट जुन्या नोंदींत दुरुस्त्या करून जागतिक सरासरी काढत. दुरुस्ती गरजेचीच होती, पण बाहेरून बघणाऱ्याला 'आकडे बदलले' एवढंच दिसे. २००९ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान शास्त्रज्ञांचे ईमेल चोरीला जाऊन जाहीर झाले, तेव्हा संशय आणखी वाढला. अमेरिकेत अँथनी वॉट्स या शंकेखोर हवामान-ब्लॉगरने स्वयंसेवकांकरवी शेकडो केंद्रांचे फोटो गोळा केले होते. कुठे केंद्राशेजारी डांबराची जागा, तर कुठे एसीची गरम हवा.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना या शंका रास्त वाटत होत्या. २०१० मध्ये मुलगी एलिझाबेथ यांच्यासह त्यांनी 'बर्कली अर्थ' हा स्वतंत्र प्रकल्प उभा केला. आकडेमोडीचा मोठा भार रॉबर्ट रोड यांनी उचलला. २०११ चं नोबेल मिळालेले सॉल पर्लमटरही गटात होते. देणगीदारांत चार्ल्स कोक यांची संस्थाही होती; तेलाच्या धंद्यातल्या या घराण्याचा कल शंकेखोरांकडे, हे सर्वांना ठाऊक होतं. निवडक केंद्रं घेतल्याचा आरोप नको म्हणून त्यांनी सुमारे ३९,००० केंद्रांच्या नोंदी घेतल्या. आणि जिथे केंद्र हलल्याची किंवा नोंदीत अचानक उडी आल्याची खूण दिसली, तिथे हाताने सांधा जुळवण्याऐवजी त्यांनी नोंदच कापली आणि दोन तुकडे दोन वेगळी केंद्रं म्हणून धरले.

निकाल आला तो शंकेच्या उलट. गावाकडची केंद्रं वेगळी काढून पाहिली, वाढ तशीच. वाईट जागी बसवलेली केंद्रं तपासली, वाढीचा कल तोच. जमिनीवरचं सरासरी तापमान सुमारे २५० वर्षांत दीड अंश सेल्सिअसने वाढलं होतं, त्यातला सुमारे ०.९ अंश शेवटच्या ५० वर्षांत. २०१२ मध्ये म्युलर यांनी आपलं मत बदलल्याचं आणि या वाढीला जवळजवळ पूर्णपणे माणूसच कारणीभूत असल्याचं जाहीर लिहिलं. याच अभ्यासात सुमारे एक तृतीयांश केंद्रांवर तापमान घटतानाही दिसलं होतं, आणि तेही त्यांनी झाकलं नाही. 'आमच्याकडे तर थंडी वाढलीय' म्हणणारा माणूस खोटं बोलत असतोच असं नाही. एक केंद्र म्हणजे जग नव्हे, इतकंच.

सगळे शंकेखोर वळले का? नाही. निकाल काहीही आला तरी मान्य करू, असं वॉट्स आधी म्हणाले होते. निकालानंतर त्यांनी पद्धतीवर आक्षेप घेतले. इतर तज्ज्ञांच्या तपासणीआधीच मसुदे जाहीर केल्याबद्दल इतरांनीही टीका केली. तरी एक गोष्ट बदलली. माहिती आणि संगणकाचा कोड दोन्ही खुले होते, त्यामुळे आक्षेप घेणाऱ्याला स्वतः गणित करून बघता येऊ लागलं.

आपल्या किनाऱ्यावर डहाणू, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी इथे हवामान खात्याची केंद्रं आहेत. मुंबईकर तर रोज कुलाबा आणि सांताक्रूझ असे दोन आकडे वाचतो आणि ते वेगळे का, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही: एकाला तिन्ही बाजूंनी समुद्र, दुसरं विमानतळाकडे आत. बागायतदाराची शंकाही याच जातीची आहे. कलमाच्या फांदीला उन्हात टांगलेला तापमापक जास्तच दाखवणार, म्हणून त्याच्या आकड्यावर विमा ठरवता येत नाही, हे त्याला सांगायला हवं. पण त्याच बरोबर मंडळाच्या केंद्राची जागा, उंची, भोवतालचा फोटो आणि शेवटची देखभाल कधी झाली, हेही त्याच्यापुढे ठेवायला हवं. आणि वाद फारच असेल तिथे मूस यांनी केलं तेच करावं: कातळावरच्या बागेत सावलीच्या पेटीत दुसरा प्रमाणित तापमापक लावावा आणि मोहोरापासून आंबा उतरेपर्यंत दोन्हीकडच्या नोंदी गावाच्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात.